ताईचा कीबोर्ड

सोमवार, ४ फेब्रुवारी

दुकानाचं रडगाणं ऐकून बायकोचे कान किटले. आज जेवताना तिने ही डायरी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "इथून पुढे हिला सांगा. ही मध्येच जांभई देणार नाही." टायर कंपनीने फुकट दिलेली डायरी आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक टायर छापलाय. तर टायरबाई, ऐका.

आमचा गाड्यांच्या सुट्या भागांचा ठोक धंदा. गॅरेजवाले फोन करतात आणि माझी थोरली बहीण ऑर्डर घेते. फोन मान आणि खांद्याच्या बेचक्यात, दोन्ही हात कीबोर्डवर. समोरचा "ते हे, मागच्या चाकाचं" एवढंच पुटपुटला तरी ताई नेमका नंबर मारते. दुकान एका शटरचं होतं तेव्हापासून ती त्या खुर्चीवर आहे. गिऱ्हाइकं मला शेठ म्हणतात, पण फोन ताईला करतात.

आज एका गॅरेजला क्लचप्लेटा जायच्या होत्या. त्याच्या खोक्यात दुसऱ्याच कुणाचे बाजूचे आरसे निघाले. त्याचा फोन आला, "शेठ, आता क्लच दाबताना तोंड बघू का?" हसलो, पण आतून चरकलो. ताईच्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि गेल्या आठवडाभरात तीनदा झालं.

कारण सगळ्यांना माहीत आहे. ऑर्डरच्या टेबलावरचं जुनं यंत्र धूर सोडून वारलं. साठा सांभाळणारं मोठं मशीन आतल्या खोलीत ठणठणीत आहे, पण त्याच्याशी बोलायचं तोंड गेलं. कॉम्प्युटरवाल्याने त्या जागी नवा कॉम्प्युटर ठेवून त्यात एक प्रोग्राम घातला. तो जुन्या यंत्राची नक्कल करतो. मोठ्या मशीनला वाटतं, जुनाच गडी बोलतोय. नक्कल झकास, तोच काळा पडदा, तीच हिरवी अक्षरं. फक्त बटणं दाबली की भलतंच होतं.

मुलगा म्हणतो, जुनं सगळंच मोडीत काढा. चित्रांवर माऊसने टिचकी मारायची, ऑर्डर तयार, कुणीही बसेल त्या खुर्चीवर. ताई शेजारीच होती.  "कुणीही" हा शब्द तिला लागला, एवढं मी ओळखलं.

महिनाअखेरपर्यंत बटणं ताळ्यावर आली तर ठीक, नाहीतर नवी व्यवस्था आणि ताईला विश्रांती, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं खरं. घास मात्र गोड लागला नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. ताईच्या खुर्चीवर बसला, एका बोटाने एकेक बटण दाबलं, कोंबडीने दाणा टिपावा तसं. सगळं चाललं. मला बाजूला घेऊन म्हणाला, मावशींना सवय नाही, वयही झालंय.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी या धंद्यात आलो तो दुसऱ्याच्या गॅरेजात पाना धरून. शिक्षण बेताचं, पण कान तयार. गाडी फाटकातून आत येईतो मी सांगायचो, टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय. माझी केबिन ताईच्या पाठीमागे, मध्ये प्लायवुडचा पडदा. इतकी वर्षं मी तिची बटणं ऐकत हिशेब केलेत. आजही कान लावून बसलो. हात तोच आहे, टायरबाई. तीच चाल, तोच ठेका, कुठे अडखळ नाही. इंजिन शाबूत आहे, गिअर पडत नाहीये.

हे मी ताईला जाऊन सांगितलं. तिने मान वळवली, पण नजर माझ्या कानाच्या बाजूने पलीकडे. म्हणाली, "तू ऐकलंस ना? मग झालं." हल्ली बोलताना ती सरळ माझ्याकडे बघत नाही. महिनाअखेरची गोष्ट तिच्यापर्यंत पोचलेली दिसते. राग आहे.

शनिवार, ९ फेब्रुवारी

सून आज दुकानात आली. ती घरी बसून कुठल्याशा कंपनीचे प्रोग्राम लिहिते. लग्न होऊन आल्यापासून आमचं बोलणं "बाबा, चहा?" आणि "ठेव" यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. मला वाटायचं, पोरगी दिवसभर मान खाली घालून काय टकटक करते. काल जेवताना तिने विचारलं, मी आत्यांच्या शेजारी एक दिवस बसू का? मुलगा म्हणाला, बस, पण ते भूत उतरणार नाही. ती म्हणाली, भूत कोणाच्या अंगात आहे ते तरी बघते.

आली, स्टूल घेतलं, आणि ताई काय दाबते ते बघत बसली. मध्येच प्रयोग म्हणून तिने पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी केली, मग भोपळ्याएवढी, मग परत होती तशी. मी केबिनच्या दारातून पाहत होतो. मी असतो तर ओरडलो असतो. ताईने हूं की चूं केलं नाही, ऑर्डर घेत राहिली. केवढा हा संयम. सून मात्र त्यानंतर पडद्याऐवजी ताईकडेच बघत राहिली, आणि मग दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. फोन वाजत होता, मला ऐकू आलं नाही.

दुपारी तिने मला समजावलं. ताईच्या बोटांना दोन एंटर माहीत आहेत. आकड्यांच्या बाजूचं एंटर म्हणजे पुढची वस्तू, मोठं एंटर म्हणजे ऑर्डर बंद. नव्या प्रोग्रामला दोन्ही सारखीच. आणि आकड्यांच्या कोपऱ्यातलं बटण जुन्या यंत्रावर "मागची ओळ" होतं, नव्यावर ते दाबलं की आकडेच झोपतात. म्हणजे ताई दार उघडायला जाते आणि हातात खिडकीची कडी येते.

"मग आता?" मी विचारलं.

"प्रोग्रामच बदलायचा."

मला वाटलं, कंपनीला लिहावं लागेल, महिने जातील. तर म्हणे, याला कंपनीच नाही. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलाय. त्याचं सगळं लिखाण उघडं ठेवलेलं असतं, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावं आणि दुरुस्ती सगळ्यांना द्यावी. मी थक्क झालो. भर चौकात बॉनेट उघडी ठेवलेली गाडी, येणाराजाणारा कारागीर एक नट आवळून पुढे जातोय, आणि तरी गाडीचा एकही भाग चोरीला जात नाही. असल्या चौकात मी उभं आयुष्य काढलं असतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही एंटर वेगळी झाली. कोपऱ्यातलं बटणही वळणावर आलं. सुनेने ताईला घरी सोडलं. दोघींचं गूळपीठ जमलेलं दिसतंय.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज एक वाद झाला. जुनं यंत्र चुकीचा नंबर पडला की "पीं" करायचं, माल शिल्लक नसेल तर दोनदा पीं पीं. नवा प्रोग्राम आवाज करत नाही, त्याऐवजी पडदा क्षणभर लखकन चमकतो. मला ही सुधारणा फार आवडली होती, केबिनमध्ये शांतता. ताईने मात्र हट्ट धरला, पीं पाहिजेच. मी म्हटलं, अगं, चमकतंय ना डोळ्यांसमोर? तर म्हणाली, "मला ऐकायची सवय आहे." सुनेनेही तिचीच बाजू घेतली आणि पीं परत आणून ठेवली. एवढंच नाही, माल नसल्याची पीं जाड आवाजाची आणि चुकीची बारीक आवाजाची करून दिली. आता माझ्या डोक्याशी दोन पक्षी बसलेत.

ताई हौशीही झालीय. काही बटणांवर तिने गोंदाचे ठिपके टाकलेत, वाळून टपोरे झालेत. मी म्हटलं, नवरी सजवतेस का? ती म्हणाली, "तुझ्या टकलावर एक टाकू का, सापडायला बरं."

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

खरं दुखणं अजून आहे. एंटर सुधारली, पीं आली, तरी एका गिऱ्हाइकाच्या वस्तू दुसऱ्याच्या ऑर्डरीत शिरतातच. रोज नाही, पण शिरतात. नवी ऑर्डर उघडायला ताई एस्केप दाबते आणि लगेच एन. कधीकधी ती उघडतच नाही, आणि पुढच्याचा माल मागच्याच्या गळ्यात पडतो.

सुनेने दिवसभर एस्केप-एन, एस्केप-एन केलं. प्रत्येक वेळी उघडली. रडकुंडीला आली. मी आत हिशेब करत होतो, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. बाहेर जाऊन म्हटलं, "पोरी, तू दोन बटणं दाबतेस. ताई दाबते तेव्हा मला एकच आवाज येतो. टक नाही, टर्र."

ती खुर्चीवरून उठली. मग ताईला म्हणाली, आत्या, जरा करा. ताईने केलं. टर्र. ऑर्डर उघडली नाही.

मग तिने प्रोग्रामला हेर केलं. कुठलं बटण कधी दाबलं गेलं ते तो टिपत गेला. तेव्हा उलगडलं. जुन्या यंत्राची तार थेट आतल्या मशीनला होती, बटण दाबलं की एकटं जायचं. नवा प्रोग्राम घाईत आलेली दोन बटणं एका पुडीत बांधून पाठवतो. मी पटकन म्हटलं, म्हणजे नट आणि वॉशर एका पुडीत गेले की समोरचा समजतो हा एकच भाग, आणि असला भाग आम्ही ठेवत नाही म्हणून फेकून देतो. सून म्हणाली, "बाबा, मी हे लिहून पाठवणार होते, तुम्ही अर्धं काम केलंत." छाती टायरएवढी फुगली.

म्हणजे चूक फक्त त्यालाच सापडते ज्याची बोटं ताईइतकी चपळ आहेत. एका बोटाने टिपणाऱ्या त्या कोंबडीला ती जन्मात सापडली नसती. वय झालंय म्हणे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

घरात खडाजंगी. मुलाने नव्या व्यवस्थेचा विक्रेता आणला होता. मोठा पडदा, त्यावर बेअरिंगांची नि ब्रेकची रंगीत चित्रं, माऊसने टिपायची. छान दिसतं, खोटं कशाला बोलू. मुलगा प्रेमाने म्हणाला, आत्या, तू एकदा हात लावून तर बघ. ताईने माऊस हातात घेतला, इकडेतिकडे फिरवला, आणि डोकं दुखतंय म्हणून उठून गेली.

मला तिचा रागच आला. नवीन शिकायचंच नाही म्हणजे काय? घरी येऊन तसं बोललो. मुलगा म्हणाला, बघा, मी हेच सांगतोय. तेव्हा सून, जी कधी आवाज चढवत नाही, नवऱ्याला म्हणाली, "त्यांना जे येतं ते तुझ्या चित्रांत बसत नाही, म्हणून त्यांना येत नाही असं नाही." आणि भांडी जरा जोरात ठेवली.

बायको भात वाढत होती. ती मला म्हणाली, तुम्हाला मेलं पलीकडच्या गल्लीतलं ऐकू येतं, घरातलं दिसत नाही. मी विचारलं, काय दिसत नाही? तर म्हणे, काही नाही, भात घ्या.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ताई आणि सून आज दुपारी परत बाहेर गेल्या. मागच्या गुरुवारीही गेल्या होत्या. खरेदीला म्हणतात, पण दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत. माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या नजरेतून हे सुटतं काय? भाव करतात आणि न घेता येतात. चांगला गुण आहे.

येताना ताईने दुकानात सगळ्यांना चहा ओतला. माझा कप भरून बशी भरली, तरी किटली वाकडीच. कुठल्यातरी विचारात होती. सुनेने हळूच तिचा हात धरून किटली सरळ केली, दोघी हसल्या. मला या दोघींचं कौतुक वाटतं. सख्ख्या मायलेकींतही असं पाहिलं नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

जिंकलो. सुनेची दुरुस्ती तयार झाली. प्रोग्राम आता एस्केप एकटीला पाठवतो आणि मागच्या बटणाला पापणी लवेल त्याच्याही आत, एवढंच, दारात थोपवून धरतो. आज दिवसभर ताईने टर्र केलं आणि दर वेळी नवी ऑर्डर उघडली. एकाही खोक्यात परकी वस्तू नाही. क्लचवाल्याने मुद्दाम फोन करून विचारलं, आरसे परत पाठवू का, की आता सवय झालीय?

सुनेने ती दुरुस्ती त्या उघड्या चौकात ठेवली. तिथला जो मुख्य कारागीर आहे, कुठल्या तरी दूरच्या देशातला, त्याने आधी शंका काढली. एवढ्या वेगाने माणूस एस्केपनंतरचं बटण दाबतच नाही, हे तुम्ही यंत्राने केलं असेल. सुनेने त्याला उत्तर लिहिलं, यंत्राने नाही, आमच्या आत्यांनी. आणि हेराची टिपणं जोडली. त्याचं उत्तर आलं, आत्यांना माझा नमस्कार, घेतो. आता तो प्रोग्राम जगात जिथे जिथे चालतो तिथे ताईच्या बोटांपुरती जागा करून ठेवलेली असेल.

मी हे ताईला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती खूश झाली, पण आधी तिने खुर्चीचे हात दोन्ही मुठींनी घट्ट धरले, आणि विचारलं, "मग आता मी इथेच ना?"

मी म्हटलं, अगं, तुला हलवणारा मी कोण?

बुधवार, २७ फेब्रुवारी



सकाळी इलेक्ट्रिशियन आला होता, ताईच्या टेबलामागे पंख्यासाठी नवा पॉइंट काढायला. मी केबिनमध्ये होतो. ड्रिलचा आवाज, फोनचा आवाज, आणि त्यातून ताईची बटणं. टकटक, टर्र, टकटक. मध्ये एकदा जाड पीं, आणि ताईचा आवाज, "ती नाही शिल्लक, तुला दुसऱ्या कंपनीची देते, चालेल?" मस्त चाललं होतं. इलेक्ट्रिशियन आवरून गेला, तरी मी बराच वेळ तसाच ऐकत बसलो. या आवाजाचं सुख काय आहे, ते माझं मलाच ठाऊक.

मग काही कामाने बाहेर आलो. तिच्या मागे उभा राहिलो. ताई ऑर्डर घेत होती, बोटं धावत होती, आणि समोरचा पडदा काळा होता. हिरवी अक्षरं नाहीत, काहीच नाही. पडद्याचा प्लग ड्रिलसाठी काढलेला, तो जमिनीवर पडला होता. तो बाबा लावायला विसरून गेला होता.

मागच्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये छापून पडलेल्या ऑर्डरी उचलून पाहिल्या. ड्रिल सुरू झालं तेव्हापासूनच्या. ताईचं फोनवरचं बोलणं आतून कानावर पडलं होतं, त्याच्याशी एकेक ताडून पाहिली. एकही चूक नाही.

कागद हातात घेऊन मी उभा राहिलो आणि एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसायला लागली. कानाच्या बाजूने जाणारी नजर. मुंगीएवढी अक्षरं. पीं. गोंदाचे ठिपके. माऊस. बशीतला चहा. रिकाम्या हातांचे गुरुवार. स्वतःला व्यापारी म्हणवतो मी.

फोन ठेवल्यावर ताई मागे न वळता म्हणाली, "काय रे, इतका वेळ काय उभा आहेस?"

"कसं कळलं?"

"तुझी डावी चप्पल घासते. कधीची घासते."

मी म्हटलं, "ताई, पडदा बंद आहे."

तिचे हात कीबोर्डवर तसेच, आणि एका बोटाने गोंदाचा एक ठिपका चाचपत राहिली. मग म्हणाली, "ऑर्डर चुकली का एखादी?"

"नाही."

"मग?"

 

सुनेला घरी जाऊन विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, पहिल्या शनिवारी, अक्षरं बदलली तेव्हा. आत्यांना कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलं गेलंय, परत यायचं नाही, गुरुवारी डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. बायकोलाही माहीत होतं. मी विचारलं, मग मलाच का नाही सांगितलं?

"आत्या म्हणाल्या, त्याला सांगितलंस तर तो फार प्रेमाने मला घरी बसवेल."

बसवलं असतं. शाल पांघरून, पाय दाबून, घरी बसवलं असतं, आणि आपण फार मोठं केलं असं या डायरीत लिहिलं असतं. म्हणून या पोरीने तोंड बंद ठेवलं आणि एकेक बटण त्या बोटांखाली आणून ठेवलं. मी समजत होतो ती प्रोग्राम दुरुस्त करतेय.

मुलाला बोलावून सांगितलं. तो स्वतःच उठून विक्रेत्याला नको म्हणून कळवायला गेला.

आणि घराण्यात कान माझे, हाही गैरसमज आज फिटला. कान तिचे. मला उरलेसुरले मिळाले.

दुकानातलं एक सांगायचं राहिलं. त्या "मग"नंतर मी खाली वाकलो, प्लग उचलला, आणि तसाच हातात धरून विचारलं, लावू की राहू दे? तेवढ्यात फोन वाजला. ताईने तो मानेत धरला, हात पुढे सरकले.

"लाव," ती म्हणाली. "येणाऱ्याला वाटेल दुकान बंद आहे."